आवाज न करणारं पॅकेज

आमच्या घरात धूळ साठली ती आळसामुळे नाही, शांततेमुळे. बाळ दिवसा झोपत नव्हतं. चुकून डोळा लागलाच, तर चमचा वाटीला टेकला तरी उठायचं, आणि उठलं की असा सूर लावायचं की समोरच्या घरातले आजोबा स्वतःचा टीव्ही बंद करून टाकायचे. त्यामुळे आमच्याकडे झाडू बंद, मिक्सर बंद, खुर्ची सरकवणं बंद. शिंक आली की नवरा कपाटात तोंड घालायचा. सासूबाई म्हणायच्या, "घरात मूल जन्मलंय की आपण चोरी करायला शिरलोय?" पण त्याही कुजबुजतच म्हणायच्या.

मग बाळ रांगायला लागलं. एक दिवस सोफ्याखालून बाहेर आलं तेव्हा त्याला मिशा होत्या. धुळीच्या. त्याच क्षणी मी ठरवलं, माणसं लावून घर साफ करून घ्यायचं. पण झोपेला धक्का लागता कामा नये. त्याच्याही आणि उरलीसुरली असेल तर माझ्याही. आदल्या दुपारी मी बराच वेळ उशीला थोपटत बसले होते. बाळ शेजारी बसून माझ्याकडे बघत होतं.

बाथरूममध्ये दार लावून मी एका सफाई कंपनीला फोन केला.

"नेहमीची सफाई हवी, डीप क्लीनिंग हवं, की घर सोडतानाची?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"सगळ्यात कमी आवाज कशात होतो?"

"मॅडम, जरा मोठ्याने बोलता का?"

"तेच तर जमत नाही."

मग तीही हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? घरात कोणी आहे का?"

"आहे. आत्ताच झोपलंय. उठलं तर माझं काही खरं नाही."

"पोलिसांना कळवू?"

"अहो, बाळ आहे."

दुसऱ्या कंपनीकडे वाफेची सफाई होती. वाफ फुसफुसते का, असं विचारल्यावर त्या गृहस्थांनी फोन ठेवला. तिसरीकडे मशीन न लावता सगळं हाताने करून मिळत होतं. मी लगेच होकार दिला.

"म्हणजे हातसफाई," नवरा म्हणाला. "दागिने ऑफिसला घेऊन जाऊ का?"

दोघी जणी आल्या. एक उंच, स्टुलाशिवाय पंख्याला हात पुरेल अशी. दुसरी ठेंगणी, पलंगाखाली आरामात मावेल अशी. मी दारातच ओठांवर बोट ठेवलं. दोघींनी चपला काढल्या आणि मांजरीच्या पावलांनी आत आल्या. ओल्या फडक्याने पंखा पुसला, खिडक्यांच्या खाचा पुसल्या, सोफ्याखालून गायब झालेले मोजे काढले. कुठे खुट्ट नाही. आणि तरीही बाळ माझ्या खांद्यावर टाहो फोडत होतं. सकाळपासून एक डुलकी नाही. मी येरझाऱ्या घालत होते आणि वळताना भिंतीला धडकत होते.

उंच बाईंनी एक भलंमोठं व्हॅक्यूम क्लीनर हॉलच्या कोपऱ्यात आणून ठेवलं होतं.

"हा सोंडवाला कोणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढच्या घरासाठी आहे, आजी. खाली गाडी नाही ना, म्हणून वर आणलं. पिन लावलीय, चार्जिंग होतंय."

सासूबाईंना बटण दिसलं की हात आवरत नाही. लिफ्टमध्येही त्यांना मधे उभं करावं लागतं.

घर थरथरलं. मी बेडरूममधून ओरडणार, इतक्यात खांद्यावरचं रडणं अर्ध्यात तुटलं. बाळाने एक जांभई दिली, मान टाकली आणि झोपलं. गाढ. तोंड उघडं टाकून.

उंच बाईंनी घाईघाईने बटण बंद केलं. एक डोळा उघडला.

"चालू करा," मी म्हणाले.

डोळा मिटला.

मी बाळाला गादीवर ठेवलं, बेडरूमचं दार अर्धं लोटलं, मशीन हॉलच्या पार टोकाला न्यायला लावलं, बाळाचा श्वास पाहिला, कान पाहिले, पुन्हा श्वास पाहिला. झोप खरी होती. मग हॉलमध्ये येऊन मी ओरडले, "बंद करू नका."

"पण तुम्ही बिनमशीनचं घेतलंय," उंच बाई ओरडल्या.

"चुकलं माझं. आता दिसेल ते ओढा."

त्यांनी सोफा ओढला, गालिचा ओढला, पडदे ओढले. सासूबाईंनी हौसेने आपल्या शालीलाही सोंड लावून घेतली. कितीतरी दिवसांनी आम्ही बायका मनसोक्त ओरडून बोलत होतो. नवरा जेवायला घरी आला तर ठेंगणीने दारातच त्याची पँट साफ केली. काय चाललंय हे विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि सवयीने कुजबुजला. कोणालाच ऐकू गेलं नाही.

शेवटी साफ करण्यासारखं काही उरलं नाही. उंच बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बहुतेक उभ्याउभ्या डुलत होते.

"मॅडम, तुम्ही आडव्या व्हा," त्या म्हणाल्या. "पुढचं घर रिकामंच आहे. उशीर झाला तर तिथे रडायला कोणी नाही."

"नुसती पाठ टेकते," मी म्हणाले.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं होतं. मशीन नव्हतं. मी धडपडत उठले. बाळ शेजारी बसून माझी वेणी चघळत होतं आणि खुशीत पाय आपटत होतं. झोप पुरी होऊन उठलेलं बाळ मी पहिल्यांदाच पाहत होते. गालांना उशीच्या रेघा, डोळ्यांत राग नाही.

"मशीन कधी नेलं?" मी विचारलं.

"तू झोपलीस आणि लगेच," सासूबाई म्हणाल्या. मोठ्याने, नेहमीच्या आवाजात. "म्हटलं आता हे उठतंय. पण तू असं घोरायला लागलीस की त्याला फरकच कळला नाही."

नवरा दारात हसत उभा होता. हातात फोन होता. "त्यांना कळवायचंय. पुढच्या वेळी कुठलं घ्यायचं? बिनमशीनचं पुरेल ना आता?"

"छे, दर आठवड्याचं घे, मोठ्या मशीनवालं," सासूबाई म्हणाल्या. "ही बिचारी एकटी किती घोरणार?"