चौऱ्याऐंशी टक्के

"आज पण तूच का गं?" नेलिदाने बिस्कोचोंचा पुडा टेबलावर ठेवला तसा आमचा साहेब वॉशिंग्टन हसला. "तो बेकरीवाला तुला मागणी घालणार बघ."

आमच्या ऑफिसातला नियमच तसा. ज्याच्या नावावर रिपोर्ट लाल, म्हणजे नापास होईल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बेकरीतले बिस्कोचो खिलवायचे. आम्ही मोंतेविदेओतल्या इस्पितळांसाठी औषधांचे डोस ठरवणारा प्रोग्राम लिहितो. त्यातला किती कोड चाचण्यांत खरोखर चालवून पाहिला, ते रिपोर्ट टक्क्यांत सांगतो. ऐंशीच्या खाली गेलं की माल बाहेर जात नाही.

तीन आठवडे रिपोर्ट मध्येच कोसळत होता. 'फाइल सापडत नाही.' कधी कोसळे, कधी चौऱ्याऐंशी दाखवून मोकळा होई. खाली नाव नेलिदाचं, म्हणून बिस्कोचोही तिचेच. आम्ही निर्लज्जासारखे खात होतो, मीसुद्धा.

बुधवारी तिने मला हाक मारली. "सुल्मा, इकडे ये. चोर सापडला."

वॉशिंग्टनने लिहिलेला एक भाग चाचणी चालू असताना तात्पुरत्या फाइली तयार करायचा आणि काम झालं की पुसून टाकायचा. रिपोर्ट त्या शोधायला जाई तेव्हा कधी त्या असत, कधी नसत.

"मेलेल्या माणसाचा पत्ता विचारत फिरतोय बिचारा," नेलिदा म्हणाली. तिने त्या फाइली मोजणीतून वगळल्या. रिपोर्ट न अडखळता पूर्ण झाला. आकडा आला एकसष्ट.

त्या आपोआप बनलेल्या फाइली पहिल्यापासून शेवटपर्यंत चालायच्या, म्हणून आकडा फुगत होता. डोस ठरवणारा भाग तर न तपासलेल्या एकोणचाळीस टक्क्यांतच होता.

वॉशिंग्टनने नळीने माते चहा ओढत ऐकून घेतलं. "मग त्या फाइली पुसूच नकोस. राहू देत तिथेच. सापडतील, मग बोंबही नाही."

"आणि एकसष्ट?"

"कुठलं एकसष्ट? मला चौऱ्याऐंशी दिसतायत. तुझं कंत्राट महिनाअखेर संपतंय ना? पेन्शनला किती राहिलं?"

"चौदा महिने."

"मग कशाला हात दाखवून अवलक्षण?"

मी तिथेच उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. माझंही कंत्राटच होतं, पण ते काही कारण नव्हे. मी घाबरले, बस.

नेलिदाने वगळलेल्या फाइली पुन्हा मोजणीत घेतल्या आणि त्या पुसणारी ओळ स्वतःच काढली. रिपोर्ट हिरवा झाला. वॉशिंग्टनने टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही वाजवल्या.

शुक्रवारी इस्पितळातून फोन आला. तिथला औषधविभाग सांभाळणाऱ्या दोन्या एल्विरा, म्हणजे एल्विराबाई, नेलिदाला वीस वर्षं ओळखतात. त्यांचा आवाज खणखणीत, शेजारच्या टेबलापर्यंत येतो.

"अगं, रिपोर्ट मिळाला. बाकीच्यांचे मी ओळ न् ओळ वाचते, तुला ठाऊकच आहे. तुझं नाव पाहिलं की वाचतच नाही, सरळ सही ठोकते. सोमवारपासून लहान मुलांच्या वॉर्डात तुमचा प्रोग्राम सुरू करतोय."

"बरं, दोन्या," नेलिदा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने रिसीव्हरवरचा हात बराच वेळ उचलला नाही.