भुऱ्या माझ्यात राहायचा

मी एक जुना लोखंडी कूलर आहे, मित्रांनो. पण ही गोष्ट माझी कमी आणि एका सशाची जास्त आहे. माझं आधी थोडक्यात उरकतो. कूलरची फुशारकी ऐकायला तुम्ही थोडेच बसला आहात?

हिंगणघाटच्या रूपराव मिस्त्रींनी मला बनवलं. पत्रा कापला, ठोकला, तीन बाजूंना गवताच्या ताट्या बसवायला खिडक्या ठेवल्या आणि वरून निळा रंग मारला. सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या बापूजींनी मला विकत घेतलं. बापूजींचं बाजारात बारदान्याचं, म्हणजे पोत्यांचं दुकान. सोळा उन्हाळे मी त्यांच्या घराला गार हवा दिली. शेजारच्या शोभाबाई भाजी निवडायला मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कूलर असावा तर असा." मग एका वर्षी माझी मोटर जळली. घरात प्लास्टिकचा कूलर आला आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. दोन वर्षं माझ्यात फक्त कोळी राहिले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

बापूजींची नात जया सहावीत गेली, तेव्हा तिच्या बाबांनी, म्हणजे रजतने, वर्ध्याहून सशांची जोडी आणली. करड्या नराचं नाव भुऱ्या आणि पांढऱ्या मादीचं नाव सरकी. "घरात माणसं कमी पडून राह्यली काय, ससे आणाले?" असं बापूजी कुरकुरले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः माझी जळकी मोटर काढली, समोरच्या भोकाला जाळीचं दार लावलं आणि खाली दुकानातलं नवंकोरं पोतं अंथरलं. मी पुन्हा कामाचा झालो!

भुऱ्याचा जीव बापूजींवर. त्यांच्या चपलांचा आवाज आला की तो मागच्या पायांवर उभा राहायचा. बापूजी आधी मागे-पुढे बघायचे, कोणी नाही अशी खात्री करायचे आणि मग त्याला गवताची एकेक काडी हाताने भरवायचे. त्याच्याशी बोलायचेसुद्धा. सोयाबीनचा भाव, गुडघ्याचं दुखणं, सगळं सांगायचे. घरात तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस सशापुढे इतका बोलतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

सात महिन्यांत सरकीला दोनदा पिल्लं झाली. पहिली पाच वाटली. दुसऱ्या खेपेची चार कोणी घेईना आणि त्यातली दोन बोक्याने नेली. उरलेली दोन कशीबशी देऊन टाकली. सरकी तर हाडांचा सापळा झाली होती. मग बापूजीच म्हणाले, "भुऱ्याची नसबंदी करून टाका. त्या बिचारीचे हाल पाहवत नाई." नसबंदी म्हणजे पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून जनावरांचं करतात ते ऑपरेशन. निर्णय चांगला होता, मित्रांनो. मी आजही चांगलाच म्हणेन.

एका गुरुवारी रजत भुऱ्याला टोपलीत घालून वर्ध्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि दुपारी परत आला. भुऱ्या जरा गुंगीत होता, पण शुद्धीवर होता. जखम अगदी लहान. रजतने डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. पोतं काढून कोरडं सुती कापड अंथरा. ऊब द्या. रोज जखम बघा, सुजली तर कळवा. महिनाभर सरकीपासून वेगळा ठेवा. "आणि आज संध्याकाळपासूनच खायला द्या. मुख्य म्हणजे तेच," रजत म्हणाला. "सशाचं पोट थांबलं तर जिवावर बेतते म्हणे."

बापूजींनी मान हलवली. "काही पण सांगते तो डॉक्टर. माह्यं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तवा मले वारा सरकेपर्यंत पाण्याचा घोट देल्ला नोता. दोन दिवस लंघन. म्हणून तर वाचलो. पोटाले आराम पाह्यजे."

"बापूजी, ससा वेगळा असते..."

"तुले जास्त समजते काय?"

रजत आत निघून गेला. या घरात बापूजींपुढे दुसऱ्यांदा कोणी बोलत नाही, तशी पद्धतच आहे. एका दिवसाने काय होतं, असं त्याला वाटलं असावं. बापूजींनी भुऱ्यासमोरची गवताची जुडी उचलली. सरकीला मात्र त्यांनी घरात ठेवलं, कापड स्वतः अंथरलं, गार लागू नये म्हणून माझ्या तिन्ही खिडक्यांना पोती बांधली आणि खुर्ची टाकून माझ्याजवळ बसले. इतकी माया करत होते की काय सांगू तुम्हाला.

संध्याकाळी भुऱ्याला भूक लागली. तो नाकाने कापड हुंगत होता, कोपरे चाटत होता. जया मुठीत सांभाराच्या चार काड्या लपवून आली. तुमच्याकडे कोथिंबीर म्हणतात, आम्ही सांभार म्हणतो. तिने त्या जाळीतून आत सरकवल्या आणि भुऱ्याने झडपच घातली. एक काडी त्याच्या तोंडात गेली न गेली, तोच बापूजी आले. त्यांनी दार उघडलं आणि ती काडी त्याच्या तोंडातून ओढून घेतली.

"मारतं काय त्याले?" ते म्हणाले. "पुन्हा देजो नोको. माह्यी शपथ आहे तुले."

जयाने पुन्हा दिलं नाही. गुणी पोरगी ती, शब्द मोडला नाही तिने.

शुक्रवारी पहाटे रजत मालासाठी नागपूरला गेला आणि जया शाळेत गेली. तिची आई सपना रोजच्यासारखी झाडायला आली. रोज माझ्यात लेंड्यांचा सडा असायचा आणि ती वैतागायची. त्या दिवशी एकही लेंडी नव्हती. "आज शहाण्यासारखा राह्यला बाई," ती म्हणाली. मित्रांनो, मी पत्र्याचा असलो तरी रजतचं बोलणं मी ऐकलं होतं. सशाने लेंड्या टाकल्या नाहीत, म्हणजे पोट थांबलं. मी ओरडलो असतो हो. पण मोटर नसलेल्या कूलरला कसला आला आवाज?

संध्याकाळी बापूजी समाधानाने उठले. "झाला चोवीस तासांचा आराम," असं म्हणून त्यांनी ताजा सांभार धुतला, निथळला आणि एकेक काडी करून भुऱ्याच्या तोंडापाशी धरली. भुऱ्याने तोंड फिरवलं. बापूजींनी दुसऱ्या बाजूने धरली, त्याने पुन्हा फिरवलं. तो पोक काढून बसला होता आणि दात करकरत होता. "खाय ना बाप्पा," बापूजी म्हणाले. "आता खाय. आता चालते." जयाने शाळेचं दप्तर टाकलं आणि त्याच्या कानांना हात लावला. कान गार पडले होते आणि पोट टम्म फुगलं होतं. तिने डॉक्टरांना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता घेऊन या," ते म्हणाले. रजत तेवढ्यात स्टेशनवरून आला आणि तसाच मोटरसायकलवर बसला. मागे जया, तिच्या मांडीवर टोपली. वाटेतलं सेलू गाव यायच्या आधीच भुऱ्या गेला.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरनंच मारलं असंन. मुक्या जनावराले कायले कापा लागते?" बापूजी तिथेच उभे होते. गल्लीभर तेच झालं, डॉक्टरने मारलं. एक महिना बापूजींनी ते तसंच राहू दिलं. मला त्यांचा फार राग आला आणि दयाही आली. ते अंगणात यायचेच बंद झाले. जया मात्र रोज यायची, सरकीला मांडीवर घ्यायची आणि एकच वाक्य बोलायची, "म्या लपून देल्लं असतं तर." अकरा वर्षांची पोर, आपण भुऱ्याला मारलं असं समजून सुकत चालली होती.

मग एका रविवारी नालवाडीहून रजतचा मित्र प्रफुल आला, सोबत त्याची धाकटी मुलगी मयुरी. त्यांच्याकडे दोन नर ससे होते, ते एकमेकांना फाडून काढत. डॉक्टरांनी नसबंदी सांगितली होती. "पण तुमच्या भुऱ्याचं ऐकलं आणि रद्द केलं," प्रफुल म्हणाला. "एकाले आता सोडून देतो वावरात."

"वावरात कुत्रे खातीन त्याले," मयुरी रडवेली झाली.

बापूजी दारातून बाहेर आले. महिन्याभराने ते माझ्यापाशी येत होते. माझ्यावर हात टेकून उभे राहिले.

"ऑपरेशन करून घे प्रफुल," ते म्हणाले. "डॉक्टरनं नाई मारलं. त्यानं खायला द्या सांगतलं होतं. म्या उपाशी ठेवला. माह्या पोटावरून त्याचं पोट मोजलं." मग ते जयाकडे वळले. "तू देऊन राह्यली होती बेटा. त्याच्या तोंडातलं म्या काढलं. तुह्या हातून काही झालं नाई. माह्या हातून झालं."

जया त्यांच्याजवळ गेली नाही. सरकीला घेऊन ती आत गेली. पण ते वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. प्रफुलच्या सशाचं ऑपरेशन झालं, तो दुसऱ्या दिवशी गवत खात होता, असा फोन आला. बापूजी फोन ठेवून माझ्याशेजारी खाली बसले आणि मोठ्याने रडले.

मित्रांनो, मोठ्यांचं ऐकावं असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण घरातला ससा ऑपरेशनहून आला आणि त्याच्या तोंडापुढून कोणी घास काढत असेल, मग ते कितीही मायेने का असेना, तर तेवढ्यापुरतं ऐकू नका. डॉक्टरांना फोन लावा. तो खातो का बघा, लेंड्या टाकतो का बघा, आणि दिसेल ते चारचौघांत मोठ्याने सांगा. त्या गुरुवारी फार तर जयाने बोलणी खाल्ली असती. भुऱ्या आज असता.