'जेवून' आणि 'जा' यांच्यामध्ये

बाई मिठाच्या गुळण्या करून उठल्या, तोच फोन वाजला. घशाची ही चाकरी गेली चाळीस वर्षं रोज सकाळी.

"बाई, मी डबिंग करते," पलीकडची पोरगी चाचरली. "सिनेमात तुम्ही 'जेवून जा' म्हणता ना, तिथे 'जेवून' आणि 'जा' यांच्यामध्ये तुमचे ओठ उघडेच राहतात. मी काय म्हणू तिथे?"

"तू कशाला म्हणशील? मी बोललेय की!"

पोरगी हळूच म्हणाली, "तुमच्या जागी माझा आवाज घेतायत. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

बाईंनी फोन ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि तरातरा निघाल्या.

आवाज म्हणजे बाईंचं माहेर. चेहरा सासरचा, रंगवाल तसा रंगे, उजेड पाडाल तिकडे वळे. नाटकात उभ्या राहिल्या तेव्हा माइक नव्हते, पण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कानामागे हात धरावा लागला नाही. प्रयोगामागून प्रयोग दळून तो आवाज जात्यासारखा घरघरता झाला होता. आणि आता माहेरावरच टाच!

स्टुडिओत दिग्दर्शक काचेअलीकडे चहा पीत होता. "या बाई! अहो, अभिनय तुमचाच आहे. आवाज तेवढा जड पडला. लोकांना आई गोड लागते."

"मग कॅमेऱ्यापुढे साखरेचं पोतं उभं करायचंस! पोटचा पोर गेल्याचं सांगायला आलेल्या माणसाला ती जेवून जा म्हणते. तिथे गोड? जिभेला हाड आहे का तुझ्या?"

"चिडू नका. वरून ठरलंय."

बाईंनी मान वर केली. "वर तर पाल आहे. तिने ठरवलं?"

रेकॉर्डिस्टला ठसका लागला. बाई दार ढकलून काचेपलीकडे गेल्या. फोनवरची पोरगी भिंतीला चिकटली.

"बाई, मी सोडते काम."

"गप. तू सोडलंस तर दुसरी आणतील." बाई धुमसतच माइकपुढे उभ्या राहिल्या. "तिथे काही म्हणायचं नाही. तिथे ती हुंदका गिळते. गिळलेला ऐकू आला पाहिजे. बघ."

पडद्यावर त्यांचाच चेहरा, मुका केलेला.

"जेवून..."

पोरीच्या अंगावर काटा आला.

"...जा."

"बस्स! अगदी असंच पाहिजे!" दिग्दर्शक स्पीकरवरून ओरडला. "ऐकलंस ना पोरी? कर असंच!"

पोरीने मान हलवली. "मला नाही यायचं, सर. ते त्यांचं आहे."

बाईंनी तिच्या गळ्यातला हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर चढवला, स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

"असंच पाहिजे ना? मग लाव पहिल्यापासून. आणि उठवायचं असेल तर आत ये. माझ्या तोंडावर सांग, हे तोंड ठेवतो आणि जीभ काढतो म्हणून."

दिग्दर्शकाने चहात तोंड खुपसलं. रेकॉर्डिस्टने त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला.