गच्चीवर येण्याआधी

भार्गवचा ड्रोन तळहाताएवढाच, पण त्यानं द्वारकामावशींना गच्चीवरून खाली उतरवलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं.

मावशी माझ्या शेजारच्या. सून अर्पिता शिक्षिका. तिनं इथं आदिलाबादेत घर बांधलं आणि सासूला मुधोळहून घेऊन आली. कुरडयांचा चीक मावशींसारखा शिजवणारं माणूस आख्ख्या कॉलनीत नाही. एके दिवशी उन्हात आम्ही दोघी माझ्या गच्चीवर बसलो होतो. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, न्हालेले केस मोकळे, हात बरबटलेले. डोक्यावर काहीतरी भुणभुणलं. संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ हजर: 'आपली कॉलनी, आकाशातून.' मधोमध आम्ही दोघी!

मी बँकेतून रिटायर झालेली बाई, टोमणे पचवायची सवय आहे. पण कुणीतरी खाली लिहिलं, 'द्वारकामावशी हिरॉइन झाल्या', आणि कुण्या शहाण्यानं ते मावशींना वाचून दाखवलं. त्या दिवसापासून मावशींनी गच्चीचं नाव टाकलं. बोलवायला गेले तर म्हणाल्या, "नको वं माय. मी खालीच बरी." इतक्या बारीक आवाजात की मला रडूच आलं. गच्चीशिवाय त्या बाईला दुसरा विरंगुळा नव्हता, आणि मला तिच्याशिवाय.

भार्गवनं व्हिडिओ काढून टाकला, पण ड्रोन काही थांबला नाही. त्याचे वडील शामराव, म्हणजे रिटायर्ड नायब तहसीलदार, आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. त्यांच्या मागे लागून लागून मी मीटिंग बोलवायला लावली. म्हटलं, ड्रोनचे नियम करा.

शामराव तयारीनिशी आले. चष्मा पुसून त्यांनी मसुदा वाचला. विजेच्या तारांपासून दूर उडवावा. अंधार पडल्यावर उडवू नये. जुन्या विमानतळाच्या मैदानाकडे नेऊ नये. माकडांच्या टोळीवर नेऊ नये, ती बिथरतात आणि नळ तोडतात.

"मंजूर?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. "भाऊ, माकडांची सोय झाली. आमची?"

हॉलमध्ये हशा पिकला. शामराव हसले नाहीत, कचेरीतल्या सुरात म्हणाले, "ताई, तुमची दरखास्त समजली. पण पोराचं यंत्र अडीचशे ग्रॅमच्या आतलं हाय, लायसन लागत नाही. गच्ची तुमची, वरची हवा तुमची नाही. कायद्यानं आमी काय करू शकतो?"

मागून भार्गव म्हणाला, "आंटी, मी तर कॉलनीचंच नाव करून राह्यलो."

पुरुषमंडळी माना डोलवायला लागली. बायका खाली बघत बसल्या. मावशी कोपऱ्यात अर्पिताच्या आड लपल्यासारख्या बसलेल्या. मीटिंग हातातून निसटली, असं मला वाटलं. समोर शामरावांचा तो निवांत, सभ्य चेहरा. सभ्य तर खरेच आहेत ते. इंटरनेटची सामाईक पेटी माझ्या गच्चीवर आहे. ती बंद पडली की शामराव स्वतः बघायला येतात, आणि त्यांची चाहूल मला कशी लागते ते मला एकदम आठवलं.

"भाऊ, एक सांगा. ती पेटी पाहाले तुमी आमच्या गच्चीवर येता, तवा जिन्यात इतक्या जोरानं काऊन खाकरता?"

"म्हणजे?" ते गोंधळले. "बायामाणसं असतात वर. चाहूल द्याच लागते ना! तसंच कसं जायचं?"

"कायदा हाय का तसा?"

"कायदा कशाला पाहिजे त्याले? रीत हाय."

"मंग तुमचं पोरगं रोज आमच्या गच्चीवर येऊन राह्यलं, भाऊ. न खाकरता."

मग शामरावांची बायको, चंपाबाई, मागच्या रांगेतून म्हणाल्या, "बरोबर बोलून राह्यल्या त्या." शामरावांचे कान लाल झाले. त्यांनी पेन उघडलं, मसुद्यातल्या माकडांच्याही वर एक ओळ घुसवली आणि उभं राहून वाचली. "उडवणाऱ्यानं पहिले गल्लीत उभं राहून आवाज द्यावा. वरून हो आलं तरच उडवावा."

"पप्पा, हर घराले आवाज देऊ? मंग व्हिडिओ कवा बनवू?"

"आवाज देऊन झाल्यावर," चंपाबाई म्हणाल्या.

बायकांचे हात असे वर गेले की मोजायची गरजच पडली नाही. मी अर्पिताच्या मागे पाहिलं. मावशींचा हातही वर होता, कोपरापर्यंतच, पण होता.

रविवारी सकाळी मावशी आपला पाट घेऊन माझ्या गच्चीवर आल्या. पदर खोचला, केस मोकळे सोडले आणि चिकाच्या पातेल्यापाशी बसल्या. पहिली कुरडई पडली न पडली तोच खाली गल्लीतून दणदणीत खाकरणं ऐकू आलं. वाकून पाहिलं तर शामराव स्वतः उभे, शेजारी भार्गव, हातात ड्रोन.

"ताई!" शामरावांनी मान वर करून विचारलं. "उडवू म्हणतो पोरगा. परवानगी हाय का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी उठल्या. मुधोळला दुसऱ्यांच्या रानात राबलेली, कचेरीच्या माणसाला जन्मभर 'जी मालक' म्हणत आलेली ही बाई चिकानं माखलेल्या हातांनी, मोकळ्या केसांनी कठड्याशी जाऊन उभी राहिली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी.

"नाही!" मावशी गरजल्या. "आमी बसलो हाओत वर. दुपारी या!"

पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "इकडूनबी नाही!" मग त्याच्या पलीकडून आणखी एक नाही. बघता बघता आख्खी गल्ली नाही-नाही म्हणत हसायला लागली. आनंदानं माझा ऊर भरून आला.

"जी मावशी," शामराव म्हणाले, आणि पोराला घेऊन घराकडे वळले.