पेटी येते

सिनेमा टुकार होता, हे आधीच सांगून टाकतो. एक लफंगा खोटी कागदपत्रं दाखवून शाळेत संगीत शिक्षक होतो, वांड पोरांना नाचवतो, मुख्याध्यापकांची फजिती करतो आणि शेवटी स्पर्धेच्या व्यासपीठावर रडत रडत कबुली देतो. सगळे टाळ्या वाजवतात, त्याला माफ करतात. असले सिनेमे मी डझनाने पाहिलेत. पुढे काय होणार ते डोळे मिटून सांगावं. तरी त्या शनिवारी ढाणकीच्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये दोनशे पोरं पोट धरून हसत असताना मला मात्र दरदरून घाम फुटला होता. त्या लफंग्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझी कागदपत्रं खरी होती.

मी इतिहासाचा माणूस. सात वर्षांपूर्वी मुलाखतीत मुख्याध्यापक वामनरावांनी विचारलं, "पेटी येते काय?" नोकरी हातची जाऊ नये म्हणून मी "येते" म्हणून बसलो. तेव्हापासून संगीताचे तासही माझ्याच गळ्यात. मोबाईलवर पाहून पेटीच्या पट्ट्यांवर आकडे चिकटवले आणि पोरांना आकड्यांनीच गाणी शिकवली: तीन, पाच, पाच, सहा. प्रार्थना झाली, स्वागतगीत झालं, निभत गेलं. सूर लागला की नाही, हे मला आजही कळत नाही.

खरी धास्ती घेतली ती सुरभीमुळे. नववीतली ही पोरगी दोन वर्षं माझ्याकडे जीव तोडून शिकत होती, आणि तिने मला न विचारताच संगीताच्या पहिल्या परीक्षेचा अर्ज भरला. परीक्षा येत्या रविवारी, पुसदला. तिथे परकी पेटी, आकडे नाहीत, आणि परीक्षक सांगतील तो सूर वाजवून दाखवायचा. तिचे वडील किसनराव कापसाची वेचणी एक दिवस थांबवून सगळं घर जीपने नेणार होते. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

सिनेमा संपला, दिवे लागले.

"शाम सर, संगीतातले जाणकार तुम्हीच," वामनराव म्हणाले. "दोन शब्द सांगा पोराईले."

माईक हातात आला. पडद्यावरच्या माणसाला नुकतंच सगळ्यांनी माफ केलं होतं. मलाही करतील, असं वाटून गेलं. टुकार सिनेमासुद्धा घाबरलेल्या माणसाला असा चढतो.

"सिनेमा खोटा आहे," मी म्हणालो. "त्यानं कबुली दिली आणि सगळं मिटलं. पण त्या पोरांना शेवटी काय आलं, हे कोणी विचारलंच नाही. म्हणून मी सांगून टाकतो. मलाही पेटी येत नाही. कधीच येत नव्हती."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि हशाचा नुसता गदारोळ उठला. मी त्या लफंग्याची नक्कल करतोय, असंच सगळ्यांना वाटलं. वामनराव डोळे पुसत आले आणि माझी पाठ थोपटत म्हणाले, "काय नक्कल करता राजेहो!" मी वेड्यासारखा हसत उभा राहिलो.

पोरं पांगल्यावर सुरभी जवळ आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, तुम्ही खरं बोलून राह्यले होते काय?"

दोनशे जणांसमोर जे तोंडातून निघालं, ते या एका पोरीसमोर निघेना. ते सगळे हसले होते. ही हसणार नव्हती, ही विश्वास ठेवणार होती. त्यानंतर ती घरी सांगेल, किसनराव शाळेत येतील, वामनराव मला समोर उभं करतील. मी भित्रा माणूस आहे, आणि त्या घडीला मला स्वतःची किळस आली.

"अवं, गंमत केली," मी म्हणालो.

तिच्या जिवात जीव आला. तिने ओढणीने कपाळावरचा घाम पुसला.

"माह्या पोटात तं गोळाच आलता, सर," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही माह्या समोरच बसजा. तुम्ही दिसले की मले भेव नाही लागत."