शिवणाच्या खोलीतला एकुलता एक प्लग

सासूबाईंच्या शिवणाच्या खोलीत प्लग एकच, आणि तो जावयाच्या कॉम्प्युटरने बळकावला होता. शिवणयंत्र कोपऱ्यात तोंड पाडून बसलं होतं. शिवायला आलेल्या फ्रॉकना बाह्या नव्हत्या आणि गिऱ्हाइकांना धीर नव्हता.

दोष म्हणाल तर त्या फुकटच्या फ्लॉपीचा. प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, महिनाभर वापरून बघा, आवडलं तर विकत घ्या, अशी ती नमुना प्रत जावयाला एका मासिकासोबत मिळाली होती. तिच्यात सगळं करता यायचं, फक्त केलेलं काम साठवता यायचं नाही. साठवायला गेलं की पडदा इंग्रजीत सांगायचा आणि जावई मराठीत उसासे टाकायचा, "ही सोय पूर्ण आवृत्तीत आहे. कृपया पैसे भरा." तरी पठ्ठ्या रोज नव्या आशेने बटण दाबायचा. सासूबाईंना ते वाक्य पाठ झालं होतं.

बंद केला की केलेलं सगळं पुसलं जाणार, म्हणून कॉम्प्युटर बंदच करायचा नाही! समोरच्या लाँड्रीत कुणाचे कपडे कुठल्या फळीवर आहेत ते सांगणारा प्रोग्रॅम तो लिहीत होता. लेक प्लगपाशी खुर्ची टाकून पहारा द्यायची. खोलीत केर काढायलाही बंदी होती.

"जावईबापू, माझं मशीन कधी सुरू व्हायचं?"

"आई, लाँड्रीवाल्याने पैसे दिले की लगेच पूर्ण आवृत्ती घेतो. मग प्लग तुमचाच."

एवढ्या एका आशेवर सासूबाईंनी दातओठ खात कळ काढली.

प्रोग्रॅम दाखवायचा दिवस आला. चालू कॉम्प्युटर रस्त्यापलीकडे न्यायचा कसा? नशीब, प्लग टेबलापासून लांब म्हणून जावयाने आधीच डेकोरेटरकडून वायरीचं भलंमोठं भेंडोळं आणून जोडलं होतं. वरात निघाली. पुढे मॉनिटर छातीशी कवटाळून जावई, त्याला चिकटून कॉम्प्युटरचं खोकं सांभाळणारी लेक, आणि दारात वायर सोडत उभ्या सासूबाई. एक सायकलवाला उतरून आदबीने बाजूला झाला.

लाँड्रीवाला जाम खूश झाला. त्याने झाडून सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे त्यात भरून घेतले आणि हौसेच्या भरात गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्याही फाडून टाकल्या. मग म्हणाला, "झकास! महिनाभर फुकट वापरून बघतो. आवडलं तर पैसे देईन."

जावयाने मान डोलावली. त्याचा स्वतःचाच महिना फुकटात चालला होता!

सासूबाईंनी ते दारातून ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी एक महिना! त्या आत गेल्या, रिकाम्या टेबलावर शिवणयंत्र मांडलं, जावयाचा प्लग उपटला आणि आपला लावला. मशीन घरघरलं तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पहिली बाही पुरी होते न होते तोच लाँड्रीवाला धापा टाकत दारात हजर. "अहो बाई, माझे सगळे कपडे गेले कुठे? कुणाचं काय कुठल्या फळीवर, काही कळेना!"

सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"ती सोय पूर्ण आवृत्तीत आहे," त्या म्हणाल्या. "कृपया पैसे भरा."