कपाळावर 'द्रुकझाखे'

हसू नका, पण मी शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, रबरी तोंड अन् त्यावर एकच शब्द: 'द्रुकझाखे'. जर्मनमध्ये म्हणजे छापील माल. तुमच्याकडे बुकपोस्ट म्हणतात तेच. एकाच मजकुराच्या पुष्कळ प्रती काढायच्या, पाकीट चिकटवायचं नाही, की टपालखातं स्वस्तात नेतं. लोकही मला स्वस्तातच काढतात. दिसलो की शेगडीत! निम्म्या सॅक्सनीला ऊब माझीच.

माझा मालक विलिबाल्ड. गावात छापखाना, अन् गावात नसेल एवढा हेका. मुलगा आर्नुल्फ छपाईचे खिळे जुळवायचं सोडून हॅम्बुर्गच्या बोटींवर जातो म्हणाला, तेव्हा म्हातारा ओरडला, "जा, अन् तोंड दाखवू नकोस!" पोरगंही बापाचंच. नऊ वर्षं दाखवलं नाही.

मग खिळ्यांच्या शिशानं म्हाताऱ्याची छाती खाल्ली. डॉक्टर मान हलवून गेले.

"बाबा, त्याला दोन ओळी लिहा ना," मुलगी हेडविग म्हणाली.

"हातानं लिहिलं म्हणजे पाय धरले. छापलं म्हणजे जाहीर केलं!"

"मग मी लिहिते."

"खबरदार! माझी शपथ आहे."

अन् हा पठ्ठ्या खोकत उठला, स्वतः खिळे जुळवले: 'आर्नुल्फ, तू बरोबर होतास. मी चाललो. ये.' एकच प्रत स्वस्तात जात नाही, म्हणून छापल्या वीस! पाकिटावर मला धाडकन आपटलं अन् गठ्ठा घेऊन टपालकचेरीत.

पोस्टमास्तरनं वाचलं. "विलिबाल्ड, बाकीचे एकोणीस आर्नुल्फ राहतात कुठं?"

"तुझ्या सासुरवाडीला! लाव तिकीट."

घरी येऊन त्यानं उरलेल्या एकोणीस जाळल्या. मग वाट बघणं. पोस्टमन दिवसातून दोनदा यायचा, म्हातारा दोनदा उठून बसायचा. "खलाशाला वाचता येत नाही की काय, गाढवाला?" बाराव्या दिवशी उठला नाही.

मृत्यूची बातमीही आमच्याकडे छापूनच धाडतात. काळ्या कडेच्या पाकिटांवर हेडविगनं मलाच उमटवलं. त्यातलं एक हॅम्बुर्गला गेलं, अन् ते मात्र लगेच उघडलं गेलं.

आर्नुल्फ आला तो मूठमाती झाल्यावर.

"हेडा, मला आधी एक ओळ धाडायची होतीस गं!"

"बाबांनीच धाडली होती. पिवळ्या पाकिटातून."

"वर द्रुकझाखे होतं... मी त्यावर शेगडी पेटवली. काय होतं त्यात?"

तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

नंतर त्यानं मला उचललं, तोंडाकडे बराच वेळ बघितलं. म्हटलं, चला, आता आपलीही शेगडी! पण त्यानं खणात टाकलं. तिथंच आहे. रबराला भेगा पडल्यात, जीभ तेवढी शाबूत. बाबांनो, शेगडी पेटवा, पण आधी वाचा, एवढंच मागणं.

आर्नुल्फ परत गेला नाही. छापखाना तोच चालवतो. खणाच्या फटीतून मला दिसतो. परवा द्रुकझाखेच्या पाकिटातून बियाण्यांची यादी आली. कोबी, गाजर, मुळा... बोट ठेवून त्यानं शेवटच्या पत्त्यापर्यंत वाचली. मग कागद उलटा करून बघितला.